जुना संगणक, नवी प्रणाली आणि आपला मराठी मजकूर

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात लोखंडी कपाटावर एक संगणक बरीच वर्षे पडून होता. मूळचा पांढरट रंग पिवळा पडलेला, पडदा जुन्या दूरचित्रवाणी संचासारखा जाड, वर धुळीचा थर. २०२२ च्या उन्हाळ्यात विभागाची खोली बदलायची ठरली, तेव्हा शिपायाने विचारले, "मॅडम, हा भंगारात द्यायचा ना?" मी त्याला थांबवले. कारण आठ वर्षांपूर्वी असाच प्रश्न आला होता आणि मी मागचापुढचा विचार न करता "हो" म्हणाले होते.

ती हकीकत आधी सांगते. विभागातला सर्वांत जुना संगणक २००० साली घेतलेला, विंडोज ९८ वर चालणारा. आमच्या निवृत्त ज्येष्ठ सरांनी इंदूरच्या मराठी घरांतल्या बोलीचा शब्दसंग्रह केला होता. बटाट्याला सहज आलू म्हणणाऱ्या आणि तरीही पानावर वाढताना 'उजवी बाजू, डावी बाजू' न विसरणाऱ्या घरांतली ती मराठी. वीसेक वर्षे चिठ्ठ्यांवर टिपलेले हे शब्द सरांनी त्या संगणकावर टंकित करून घेतले. टंकन झाले म्हणून चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. २०१४ मध्ये महाविद्यालयाने नवे संगणक घेतले आणि जुने काढायचे ठरवले. त्या विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखता येईना, म्हणून मी फ्लॉपींवर फायली उतरवल्या. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावतात. 'माय डॉक्युमेंट्स' या कप्प्यात दोन फायली दिसल्या, त्या घेतल्या आणि काम झाले असे समजले. तिसरी फाइल, य पासून ज्ञ पर्यंतची, टंकलेखकाने दुसऱ्या कप्प्यात, 'डी' ड्राइव्हवर ठेवली होती. हे कळेपर्यंत संगणक भंगारवाल्याकडून पुढे गेला होता. शिवाय आणलेल्या दोन फायली नव्या संगणकावर उघडल्या, तर मराठीचे एक अक्षर दिसेना. सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या बिघडल्या असेच मला वाटले.

सरांनी मला बोल लावला नाही. "आठवतील तेवढे पुन्हा लिहून देतो," म्हणाले आणि एका वहीत चाळीसेक शब्द लिहून दिले. २०१७ मध्ये सर गेले.

मी साहित्याची अध्यापक आहे. संगणक हा माझा विषय नव्हे. परंतु या चुकीनंतर जे शिकावे लागले, ते बृहन्महाराष्ट्रातल्या अनेक मंडळांना, ग्रंथालयांना आणि महाविद्यालयीन विभागांना उपयोगी पडेल असे वाटते. आपल्याकडे १९९५ ते २०१० या काळातला पुष्कळ मराठी मजकूर अशाच जुन्या संगणकांत आहे. संस्थांच्या स्मरणिका, इतिवृत्ते, हस्तलिखितांच्या नकला, अप्रकाशित प्रबंध असे त्याचे स्वरूप आहे. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपल्यामुळे संगणक बदलण्याची नवी लाट आली आहे. म्हणजे भंगारवाला पुन्हा दाराशी आहे.

प्रणाली जुनी होते म्हणजे काय होते?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते लेखनाचे, मांडणीचे कार्यक्रम यांच्यामध्ये एक व्यवस्थापक असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. कळ दाबली की कोणते अक्षर उमटवायचे, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, छपाईयंत्राशी कसे बोलायचे, हे सारे ती पाहते. विंडोज ९५, विंडोज ९८, २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी, आजची विंडोज ११ आणि लिनक्सची अनेक रूपे या सगळ्या कार्यप्रणालीच आहेत.

यंत्र म्हातारे होणे आणि प्रणाली म्हातारी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राचे भाग झिजतात. डिस्क हे फिरणारे यंत्र असल्याने कधीतरी थांबतेच. मुख्य पट्टिकेवरचे छोटे नळकांड्यांसारखे कपॅसिटर फुगतात. रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी संपते आणि संगणक दरवेळी सुरू होताना तारीख विसरतो. ही बॅटरी सहसा सीआर २०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती बदलली की निम्म्या तक्रारी जातात. कारण तारीख चुकीची असली तर सुरक्षित संकेतस्थळे उघडायलाही संगणक नकार देतो.

प्रणाली मात्र झिजत नाही. १९९८ मधली प्रणाली आजही त्या यंत्रावर तशीच चालते. तिच्या भोवतीचे जग बदलते, एवढेच. बनवणारी कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे थांबवते. एक्सपीच्या बाबतीत हे ८ एप्रिल २०१४ रोजी झाले, विंडोज ७ च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० रोजी. मग नवे ब्राउझर, नवे छपाईयंत्र, नवे कार्यक्रम तिच्यावर चालेनासे होतात. म्हणून एक्सपीचा संगणक आंतरजालाला जोडणे धोक्याचे, पण तो जोडणी काढून एकटा चालवणे मुळीच धोक्याचे नाही. हा फरक मला २०१४ मध्ये कोणी सांगितला असता, तर पुढचे बरेच टळले असते.

नव्या प्रणालीची भूकही मोठी असते. विंडोज ९८ ला १६ मेगाबाइट स्मृती पुरत असे. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट लागत, १२८ असल्यास बरे. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे विंडोज ९८ च्या अडीचशेपट हवी. शिवाय सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही विशिष्ट सोय आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रक्रियक हवा. त्यामुळे आज उत्तम चालणारे असंख्य संगणक त्या यादीबाहेर राहतात.

मराठी मजकुराची खास अडचण

इंग्रजी मजकुराच्या फायली तीस वर्षांनंतरही नव्या संगणकावर बहुधा वाचता येतात. आपल्या फायलींचे तसे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. जुन्या प्रणालींत एका टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, जेमतेम दोनशे छप्पन क्रमांकांची जागा असे आणि ती रोमन लिपी गृहीत धरून आखलेली असे. देवनागरीसाठी १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक ठरले, सी-डॅकसारख्या संस्थांनी त्यावर काम केले. परंतु बाजारात जे टंक पसरले त्यांनी वेगळी वाट घेतली. त्यांनी रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवले. आमच्या मध्य प्रदेशात कृतिदेव हा टंक घरोघरी होता. तो हिंदी टंकलेखन यंत्राच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या कळमांडणीवर बेतलेला. त्यात 'मराठी' हा शब्द लिहायचा तर लहान ई, जे, के, मग मोठा बी आणि लहान एच या कळा दाबायच्या. पडद्यावर 'मराठी' दिसते. पण फाइलमध्ये साठवली जातात ती पाच रोमन अक्षरेच. मराठीपण असते ते फक्त टंकात. टंक काढून घेतला की उरते इंग्रजीची खिचडी.

माझ्या दोन फायली बिघडल्या नव्हत्या, हे मला असे आठ वर्षांनी कळले. त्यांचा टंक त्या संगणकाबरोबर भंगारात गेला होता.

युनिकोडने ही अडचण मुळातून सोडवली. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा आहे. 'म' चा क्रमांक जगात सगळीकडे एकच. परंतु तो मानण्याची कुवत प्रणालीत यावी लागते. विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली. एक्सपीमध्येही मूळ बसवणुकीत ती बंद असे. भाषांच्या पर्यायांत जाऊन, मूळ सीडी घालून ती चालू करावी लागे. बहुतेकांनी ते केले नाही आणि दुकानातल्या टंकलेखकांचा हात कृतिदेववर बसलेला होता. म्हणून २००१ नंतरही दहा वर्षे आपला मजकूर जुन्या टंकांतच साठत राहिला.

पहिले काम: यंत्राला हात लावण्याआधी प्रत

२०२२ मध्ये कपाटावरून उतरवलेला संगणक २००४ मधला होता. पेंटियम ४ प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती, ४० गिगाबाइटची डिस्क आणि विंडोज एक्सपी. तो सुरू करून पाहण्याचा मोह झाला. संगणकशास्त्र विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने हात धरला. म्हणाला, "मॅडम, डिस्क आठ वर्षं झोपलेली आहे. उठली तर एकदाच उठेल असं समजून काम करू." हा सल्ला मी सर्वांना देईन. जुनी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून चाचपत बसू नये. पहिल्याच वेळी तिची संपूर्ण प्रत घ्यावी.

त्यासाठी आम्ही डिस्क यंत्रातून बाहेर काढली. त्या काळच्या डिस्कला चाळीस टाचण्यांची रुंद पट्टी लागे. तिला यूएसबीत बदलणारा जोड काही शे रुपयांत मिळतो. नव्या संगणकावर लिनक्सची एक 'लाइव्ह' आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू केली. लाइव्ह म्हणजे संगणकावर काही न बसवता, थेट पेनड्राइव्हवरून चालणारी. लिनक्सला विंडोजच्या जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींच्या डिस्का वाचता येतात, आणि डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' जोडता येते. म्हणजे चुकूनही काही पुसले जात नाही. जीएनयू डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, घेतली. डिस्कचा खराब भाग आला की हे साधन तिथे अडून न बसता पुढचे वाचून घेते आणि मग मागे येऊन पुन्हा प्रयत्न करते. रात्रभर ते चालले. सकाळी संपूर्ण डिस्क एका फाइलच्या रूपात आमच्या हातात होती. पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर केले. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली.

ज्यांना हे जमणार नाही त्यांनीही निदान एवढे करावे. सगळे ड्राइव्ह उतरवावेत, फक्त 'माय डॉक्युमेंट्स' नव्हे. विंडोजच्या कप्प्यातला 'फॉन्ट्स' हा उपकप्पा पूर्ण उतरवावा; मजकुराइतकाच तो मोलाचा आहे. पेजमेकरच्या फायली नावाच्या शेवटी पी६५ किंवा पीएमडी अशी अक्षरे असल्याने ओळखू येतात, त्या शोधाव्यात. आणि प्रती दोन कराव्यात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

आम्हाला काय मिळाले? फॉन्टच्या कप्प्यात सरांच्या शब्दसंग्रहाचा टंक होता. तो नव्या संगणकावर बसवला आणि २०१४ पासून खिचडी समजून ठेवलेल्या दोन्ही फायली उघडल्या. पहिल्या पानावर 'अगोदर, अचपळ, अडकित्ता' अशी उतरत जाणारी ओळ दिसली, तेव्हा मी काही वेळ नुसतीच बसून राहिले. तिसरी फाइल अर्थातच नव्हती. पण विभागाच्या दोन वार्षिकांकांच्या पेजमेकर फायली होत्या, आणि त्यांत सरांनी 'र' आणि 'ल' या अक्षरांचे शब्द लेखरूपाने दिलेले होते.

दुसरे काम: जुनी प्रणाली नव्या यंत्रात

पेजमेकरच्या फायलींनी नवा प्रश्न उभा केला. या कार्यक्रमाची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ मधली. लिबरऑफिस हा मोफत कार्यक्रम पेजमेकरच्या बऱ्याच फायली उघडतो, पण आमची मांडणी विस्कटली आणि चौकटींतला मजकूर मागेपुढे झाला. फाइल जशी होती तशी पाहायची तर पेजमेकर हवा, आणि पेजमेकर नीट चालायला त्याच्या काळची प्रणाली हवी.

अशा वेळी जुने यंत्र जपणे हा एक मार्ग. दुसरा, अधिक टिकाऊ मार्ग म्हणजे आभासी यंत्र. व्हर्च्युअलबॉक्ससारखा मोफत कार्यक्रम नव्या संगणकाच्या आत एक काल्पनिक संगणक उभा करतो. त्याची डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक फाइल. त्याची स्मृती म्हणजे आपल्या स्मृतीतून काढून दिलेला वाटा. एक्सपीला ५१२ मेगाबाइट दिले तरी ती खूश असते. आपल्याकडची मूळ सीडी आणि परवाना क्रमांक वापरून त्यात एक्सपी बसवायची, तिच्यात पेजमेकर आणि जुने टंक बसवायचे, आणि आंतरजालाची जोडणी बंद ठेवायची. मग नव्या संगणकाच्या एका खिडकीत २००४ साल सुरू होते. ही सगळी मांडणी एका फाइलमध्ये असल्याने तिची प्रत काढून दुसऱ्या संस्थेच्या संगणकावर नेता येते. मात्र परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. संगणकाबरोबर आलेले परवाने बहुधा त्या यंत्रापुरतेच असतात.

या मार्गाला एक मर्यादा आहे. त्या काळातल्या काही मराठी लेखनप्रणालींना एक किल्ली लागे. संगणकाच्या मागे, छपाईयंत्राच्या जागी लावायचा हा छोटा ठोकळा नसेल तर कार्यक्रम सुरूच होत नसे. आभासी यंत्राला ही किल्ली सहसा दिसत नाही. म्हणून जुन्या संगणकाच्या मागे असा ठोकळा लावलेला दिसला, तर तो निरुपयोगी तुकडा समजून फेकू नये आणि ते जुने यंत्रही काम होईपर्यंत मोडू नये. खूप जुन्या, डॉसच्या काळातल्या कार्यक्रमांसाठी मात्र सोपा उपाय आहे. ६४-बिट विंडोज त्यांना थेट चालवत नाही, पण डॉसबॉक्स नावाचे मोफत साधन चालवते.

तिसरे काम: मजकूर युनिकोडमध्ये

टंक सापडला, फाइल उघडली, म्हणजे मजकूर दिसतो. तो शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, दुसऱ्याला पाठवला तर पुन्हा खिचडीच. म्हणून तो युनिकोडमध्ये न्यावा लागतो. त्यासाठी परिवर्तक मोफत मिळतात. पण परिवर्तक म्हणजे नुसते एका क्रमांकाऐवजी दुसरा क्रमांक लिहिणे नव्हे, आणि इथे भाषेच्या माणसाचे काम सुरू होते.

जुन्या टंकांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'किती' मध्ये पहिली वेलांटी दिसते आधी, म्हणून ती 'क' च्या आधी साठते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. आधी 'क', मग वेलांटी. उलट, 'धर्म' मधला रफार जुन्या टंकात 'म' च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये 'र' आधी. परिवर्तकाला प्रत्येक वेलांटी पुढे आणि प्रत्येक रफार मागे सरकवावा लागतो. जोडाक्षर आले की तो चुकतो. 'स्थिती' ची वेलांटी भलतीकडे बसते, 'मूर्ती' चा रफार पुढच्या अक्षरावर चढतो.

मराठीचे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला अर्ध्या 'र' चा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' वंदन करावे आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगावा. हिंदीत हा भेद नाही. त्यामुळे हिंदीसाठी बनवलेले परिवर्तक दोन्हींना एकच करतात, आणि आमच्या भागात तर मूळ टंकन करणाराही हिंदीच्या सरावाचा असे. शब्दसंग्रहात 'वार्यावर', 'सार्या' अशा शेकडो नोंदी निघाल्या. त्या कोणत्याही यंत्राने नव्हे, आम्ही दोन विद्यार्थिनी आणि मी यांनी ओळ न ओळ वाचून दुरुस्त केल्या.

दुसरा प्रश्न 'ॲ' चा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ मध्ये. त्याआधीच्या फायलींत ते 'अ' वर चंद्र ठेवून दोन भागांत लिहिलेले असते, किंवा हिंदी पद्धतीने 'ए' वर चंद्र देऊन 'ऍ' असे. डोळ्यांना 'ॲकॅडमी' आणि 'अॅकॅडमी' सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. एक्सपीसोबत आलेला टंक २००८ च्या आधीचा असल्याने त्यात नव्या 'ॲ' च्या जागी रिकामा चौकोन उमटतो. यासाठी शेवटी सगळीकडे एकच रूप करून घ्यावे, हा साधा नियम आम्ही पाळला.

आणि रूपांतर झाले तरी मूळ फाइल, मूळ टंक आणि मूळ पानांची पीडीएफ जपावी. शंका आली की पडताळायला तीच उपयोगी पडते.

चौथे काम: नवी प्रणाली जुन्या यंत्रात

मजकूर सुरक्षित झाल्यावरच यंत्राकडे वळावे. जुन्या यंत्राचे काय करायचे, याचे उत्तर त्याच्या वयावर अवलंबून आहे.

साधारण २००८ नंतरचे बहुतेक संगणक ६४-बिट आहेत. त्यांत २ ते ४ गिगाबाइट स्मृती असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती किंवा लुबंटू त्यांवर सुखाने चालते. शक्य असेल तर फिरणारी डिस्क काढून एसएसडी बसवावी. जुन्या संगणकाला तरतरी आणणारा यासारखा दुसरा खर्च नाही. ज्या संगणकांना विंडोज ११ नाकारते, त्यांतले बहुतेक या वर्गात येतात. असे संगणक वाचनालयात लेखन, वाचन आणि ई-मेलसाठी अजून कैक वर्षे चालतील.

त्याहून जुने, ३२-बिट संगणक असतील तर पर्याय कमी होत चालले आहेत. उबंटूने २०१७ मध्येच अशा संगणकांसाठी नवी आवृत्ती देणे थांबवले. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यांवर नव्याने बसवण्याची सोय राहिलेली नाही. अँटिएक्स २३ ही प्रणाली मात्र २५६ मेगाबाइट स्मृतीवरही उभी राहते, आणि २००३ पासून चालत आलेली पपी लिनक्स तर स्वतःला स्मृतीत उतरवून घेऊन चालते. डिस्क नसली तरी तिचे अडत नाही. अशा यंत्रांना पेनड्राइव्हवरून सुरू होता येत नसेल, तर सीडी वापरावी.

आमच्या पेंटियम ४ मध्ये स्मृती वाढवून १ गिगाबाइट केली आणि अँटिएक्स बसवली. मराठीसाठी लोहित आणि नोटो हे मोफत टंक आणि 'आयबस' ही लेखनसोय घातली. इनस्क्रिप्ट कळमांडणी त्यात मिळते; ज्यांना रोमन कळांनी मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठीही पर्याय आहे. लिबरऑफिस सुरू व्हायला अर्धे मिनिट लागते, पण एकदा सुरू झाले की टंकन अडखळत नाही. आंतरजालाचे मात्र खरे सांगायला हवे. आजची संकेतस्थळे इतकी जड झाली आहेत, की या यंत्रावर ती उघडण्याचा हट्ट करू नये. चित्रफिती तर नाहीतच. हे यंत्र आता लेखनिक आहे, आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे. शब्दसंग्रहाच्या दुरुस्त्या त्यावरच झाल्या. त्याला फेसबुक दाखवता येत नाही, हा आमच्या विद्यार्थिनींच्या मते त्याचा दोष आणि माझ्या मते गुण.

क्रम चुकवू नये

या चारही कामांत अवघड काही नाही. महाविद्यालयातला संगणक जाणणारा कोणीही तरुण दोन-तीन दिवसांत ती करून देईल. महत्त्व आहे ते क्रमाला. आधी प्रत, मग जुन्या प्रणालीत मजकूर पाहणे, मग रूपांतर आणि मुद्रितशोधन, आणि शेवटी जुन्या यंत्रावर नवी प्रणाली. आपल्या संस्थांत बहुतेक वेळा हा क्रम उलटा होतो. नवी प्रणाली बसवणारा येतो, डिस्क पुसतो, आणि नंतर कोणाला तरी आठवते की सुवर्णमहोत्सवी स्मरणिका त्यातच होती.

मोठ्या संस्थांच्या ग्रंथांच्या अनेक प्रती कुठे ना कुठे असतात. ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा आणि आमच्या इंदूरसारख्या ठिकाणी जो मराठी मजकूर निर्माण झाला, त्याची प्रत पुष्कळदा एकच असते, आणि ती एखाद्या मंडळाच्या कार्यालयातल्या किंवा दिवंगत कार्यवाहांच्या घरातल्या संगणकात असते. त्या घरच्या मुलांना मराठी वाचता येईलच असे नाही. त्यांच्या दृष्टीने तो जागा अडवणारा डबा आहे. त्यांना दोष देता येत नाही. मराठी वाचता येत असूनही मी तेच केले.

म्हणून अकादमीशी संलग्न प्रत्येक मंडळाने या वर्षी एक साधी यादी करावी, असे सुचवते. आपल्याकडे, आपल्या माजी पदाधिकाऱ्यांकडे आणि ज्यांच्याकडून आपण टंकन करून घेत होतो त्या दुकानांत कोणते जुने संगणक, फ्लॉपी, सीडी आणि किल्ल्या आहेत? कोणते टंक वापरले होते? काही काढून टाकायचे असेल, तर त्याआधी डिस्क बाहेर काढून ठेवावी. डिस्क तळहातावर मावते. ती ठेवायला कोणाच्याही कपाटात जागा निघते.

सरांचा शब्दसंग्रह आता युनिकोडमध्ये आहे. 'य' च्या नोंदी त्यांच्या वहीतल्या चार शब्दांवर थांबतात. 'र' आणि 'ल' वार्षिकांकांमुळे बरेचसे मिळाले. 'व' पासून पुढे बहुतेक पाने रिकामीच आहेत. ती पाने आम्ही काढून टाकली नाहीत, कोरीच ठेवली आहेत. इंदूरच्या मराठी घरांतल्या वाचकांपैकी कोणाला 'व' पासून 'ज्ञ' पर्यंतचा आपल्या आजीच्या तोंडचा एखादा शब्द आठवत असेल, तर तो विभागाकडे अवश्य कळवावा. पोस्टकार्डावर कळवला तरी चालेल. टंकून घेण्याची जबाबदारी आमची, आणि यावेळी प्रतीही दोन ठेवू.